पहिल्यांदाच एकटं परदेशी, तेही व्हेनिसला: आधी पूल मोजा

व्हेनिसच्या पहिल्याच दुपारी तेवीस किलोची बॅग घेऊन मी अकरा पूल चढले आणि उतरले. बुकिंग करताना नकाशाने बसस्टँडपासून मुक्कामापर्यंत 'चालत १८ मिनिटं' दाखवली होती. अंतर बरोबरच होतं, पण नकाशाला पूल सपाट दिसतात. इथला पूल म्हणजे जिना. पंधरा-वीस पायऱ्या वर, तेवढ्याच खाली, आणि दम खावा तोवर पुढचा पूल हजर. आठव्या पुलावर मी कठड्याला टेकून उभी होते. मागून एक माणूस पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली हातगाडी घेऊन आला आणि बघता बघता वर चढला. त्याच्या गाडीला मोठ्या चाकांच्या पुढे दोन छोटी चाकं होती. छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायची, मागून रेटा द्यायचा, की मोठी चाकं वर येतात. सामान कसं न्यायचं याचा विचार या गावाने कधीच करून ठेवलाय, मी मात्र केला नव्हता.

तरीही पहिल्यांदा एकट्याने परदेशी जाणाऱ्याला मी व्हेनिसच सुचवते. या बेटांवर मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. ॲमस्टरडॅमलाही कालवे सुंदर आहेत, पण तिथे मागून येणाऱ्या सायकलींकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. इथे मान वर करून खुशाल चाला. ११८ छोटी बेटं आणि चारशेच्या वर पूल असूनही गाव लहान आहे. रेल्वे स्टेशनपासून सान मार्को चौक रमतगमत पाऊण तासावर. वाट चुकली तर जास्तीत जास्त पाण्यापाशी पोचता. अडचणी दोनच येतात, चुकीची बॅग आणि चुकीच्या जागी घेतलेली खोली. दोन्ही घरून निघण्याआधीच टाळता येतात, म्हणून या लेखात आधीच्या तयारीवरच जास्त लिहिलंय.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, डास, गर्दी आणि चढे दर हे सगळं एकदम येतं. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या दिवसांत खोल्यांचे भाव भलतेच वाढतात. नोव्हेंबर ते जानेवारी गाव शांत आणि धुक्यात असतं, दरही उतरतात, पण पाणी चढण्याचा मुख्य काळ तोच. मी दिवाळीनंतर गेले. दिवसा एक स्वेटर पुरे होत होता, संध्याकाळी होडीवर मात्र वारा कानात शिरायचा. कानटोपी न्या, कोणी हसत नाही.

एक नियम बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. २०२४ पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. २०२५ मध्ये आधी भरलं तर ५ युरो, आयत्या वेळी १० युरो असा दर होता. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत रात्री राहणाऱ्याला हे शुल्क माफ असतं, पण त्या दिवशी पोचणार असाल तर सूट मिळाल्याची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. रात्रीच्या मुक्कामाचा कर वेगळा असतो. तो माणशी दर रात्री काही युरो, हॉटेलमध्येच द्यायचा.

व्हिसाची फाइल

इटलीचा शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधरा दिवसांवर मात्र विसंबू नका. निर्णयाला साधारण तेवढे दिवस लागतात खरे, पण नियमाप्रमाणे ते ४५ पर्यंत वाढू शकतात, आणि अर्ज केंद्राची अपॉइंटमेंट मिळायलाच गर्दीच्या मोसमात आठवडे जातात. अडीच-तीन महिने आधी कामाला लागा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, केंद्राचा सेवा आकार वेगळा. एकाहून जास्त देशांत फिरणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, ऑफिसचं रजेचं पत्र, विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण, आणि या सगळ्यांवर स्वतःचं पत्र. एकट्याने जाणाऱ्याने हे पत्र मनापासून लिहावं. 'पर्यटन' एवढं लिहून भागत नाही. मी एक पान लिहिलं: नोकरी कुठे, रजा किती, कोणत्या रात्री कुठे, खर्च कोण करणार, परत येऊन कामावर कधी रुजू होणार. तारखा विमानाच्या, हॉटेलच्या, विम्याच्या आणि रजेच्या कागदावर तंतोतंत जुळल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या फाइलीत विमा एका दिवसाने तोकडा निघाला. खिडकीवरच्या मुलीने तो दाखवला म्हणून बरं. आणखी एक: अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आणून टाकू नका. पगार जसा दरमहा जमा होतो, तसंच खातं दिसू दे.

मुक्काम: नकाशात पूल मोजा

मुख्य बेटावरच्या वस्तीचे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात. पुणेकरांनी पेठा समजाव्यात. प्रत्येकीचा तोरा वेगळा.

सान मार्को सगळ्यात महाग. दिवसा जत्रा आणि रात्री शुकशुकाट. कान्नारेजो स्टेशनला लागून आहे, आणि पहिल्या खेपेला मी तोच सुचवेन. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्या या रस्त्याने गुल्ये पुलापर्यंत एकही पूल लागत नाही. त्या पट्ट्यात खोली मिळाली तर बॅग चाकांवरच दारापर्यंत जाते. दोर्सोदुरोमध्ये विद्यार्थी राहतात. काम्पो सांता मार्गेरिता या चौकात रात्री उशिरापर्यंत जाग असते, एकट्या बाईमाणसाला ते सोयीचं पडतं. कास्तेल्लोच्या पूर्व टोकाला व्हिया गारिबाल्दीभोवती लोकांचे कपडे दोरीवर वाळत असतात आणि आज्या बाकड्यांवर बसलेल्या असतात. मला तो भाग सगळ्यात आवडला, पण स्टेशनपासून लांब. सान पोलोत रिआल्तोचा बाजार आहे. सांता क्रोचे बसस्टँडजवळ. जुदेक्का बेटावर स्वस्त खोल्या दिसतील, पण तिथून मुख्य बेटावर यायला दर खेपेला होडी लागते.

मेस्त्रे हे खाडीपलीकडचं, जमिनीवरचं उपनगर. खोल्या बऱ्याच स्वस्त, गाडीने दहा-बारा मिनिटं. कुटुंबासोबत असाल तर ठीक. एकट्याने जाताना मात्र पैसे असतील तर बेटावरच राहा. सकाळी सात वाजता आणि रात्री नऊनंतर दिवसाचे पाहुणे निघून गेल्यावर जे व्हेनिस दिसतं, ते मेस्त्रेतून येणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. बजेट आखडतं असेल तर ख्रिस्ती नन्सच्या मठांनी चालवलेली अतिथिगृहं शोधा. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि बाहेरचं दार बहुधा रात्री ठरलेल्या वेळी बंद होतं. माझ्या आईला सगळ्या प्रवासातली तेवढी एकच गोष्ट पसंत पडली.

बुक करण्याआधी एवढं करा. पत्ता नकाशात टाका, जवळचा बोटीचा थांबा शोधा, तिथून दारापर्यंत निळ्या रेषा किती ओलांडाव्या लागतात ते नकाशा मोठा करून मोजा. दोनच्या वर असतील तर दुसरी खोली बघा. लिफ्ट आहे का तेही विचारा. जुन्या घरांत तिसरा मजला म्हणजे अरुंद दगडी जिना.

बॅग

आठ दिवस असोत की चार, एका हाताने उचलून वीस पायऱ्या चढता येईल एवढंच सामान. घरी करून बघा. आपल्या इमारतीचा जिना बॅग घेऊन दोनदा चढा आणि जे जड वाटेल ते बाहेर काढा. मी आता केबिन बॅग आणि पाठीवरची सॅक एवढंच नेते. कपडे धुवायला स्वयंसेवा लॉन्ड्री मिळते.

बूट मऊ तळाचे आणि घालून रुळलेले असू द्या. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, तीही दगडावर. आपली गोल दोन पिनांची प्लग तिथे बहुधा चालते, जाड तीन पिनांची नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नाही.

खाऊबद्दल: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेव्हा पेढे, खवा, तुपाची बरणी घरीच. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाकरी हे बिनघोर न्या.

पैसे आणि फोन

यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं), एक परदेशी व्यवहार चालू केलेलं क्रेडिट कार्ड आणि दीडेकशे युरो रोख. दोन्ही कार्डं एका पाकिटात ठेवू नका. दुकानातलं यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारतं तेव्हा नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की यंत्र स्वतःचा महाग दर लावतं. रोख पैसे सार्वजनिक स्वच्छतागृहात, छोट्या खानावळीत आणि त्रागेत्तोवर लागतात. त्रागेत्तो म्हणजे काय ते पुढे येईलच.

फोनसाठी ई-सिम किंवा आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक इथूनच सुरू करून जा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. घरच्यांशी रोजची एक वेळ ठरवा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. मी तिथे असतानाच हा बदल झाला, माझ्या लक्षात नव्हता, आणि तासभर फोन आला नाही म्हणून आईने मावशीपासून मामेभावापर्यंत सगळ्यांना कामाला लावलं.

विमानतळावरून गावात

मुंबईहून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. बदल फ्रँकफर्टसारख्या शेंगेन शहरात असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला लागलेत, त्यामुळे रांगा लांबतात. मधली वेळ तीन तासांच्या आत नको. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर हे सोपस्कार व्हेनिसलाच होतील. हॉटेलचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि विमा कागदावर छापून हाताशी ठेवा. मला दोनच प्रश्न विचारले, किती दिवस आणि कुठे राहणार. उत्तर देताना आवाज कापला, पण त्याचं कोणाला काही नव्हतं.

व्हेनिसचा मार्को पोलो विमानतळ बेटांवर नाही, खाडीपलीकडच्या जमिनीवर आहे. तिथून बस वीस-पंचवीस मिनिटांत पियात्साले रोमा या बसस्टँडला सोडते, तिकीट १० युरोच्या आसपास. मोटारीचा रस्ता तिथे संपतो. तिथून पुढे पायी किंवा होडीने. दुसरा मार्ग म्हणजे विमानतळाच्या धक्क्यावरून लाँच. तिला तासाच्या वर लागतो, पण मुक्काम कास्तेल्लो किंवा सान मार्कोकडे असेल तर बॅगेचे सगळे पूल वाचतात. वॉटर टॅक्सी शंभर युरोच्या वर घेते, चार-पाच जणांत वाटून घेतली तरच परवडते. पियात्साले रोमाहून स्टेशनकडे जाणारा नवा पूल २००८ सालचा. त्याच्या पायऱ्या ओल्या असल्या की पाय घसरतो, पावसात जपून.

विमान दिवसाउजेडी उतरेल असंच तिकीट काढा. पहिल्या रात्री अंधारात पत्ता शोधायला लागू नये.

पत्ता

इथला पत्ता 'कान्नारेजो ३२१४' असा असतो. आकडा रस्त्याचा नसून अख्ख्या पेठेचा. कास्तेल्लोत तो ६८०० च्या वर जातो. आकड्यात फक्त पाचचा फरक असलेलं घर कोपऱ्यापलीकडच्या बोळातही असू शकतं. म्हणून घरमालकाकडून गल्लीचं नाव, जवळचा चौक आणि दाराचा फोटो मागून घ्या. गल्लीच्या नावावरही पूर्ण विसंबू नका. काले देल फोर्नो म्हणजे भट्टीची गल्ली, आणि भट्टी प्रत्येक वस्तीत होती!

थोडे शब्द शिकून ठेवले की भिंती बोलायला लागतात. काले म्हणजे गल्ली, काम्पो म्हणजे चौक, रियो म्हणजे छोटा कालवा, फोंदामेंता म्हणजे कालव्याकडेची वाट. सोतोपोर्तेगो म्हणजे घराखालून जाणारा बोळ, वाड्याच्या दिंडीसारखा. रियो तेरा म्हणजे बुजवलेला कालवा, तिथे वाट जरा रुंद असते. ही नावं भिंतीवर काळ्या चौकटीतल्या पांढऱ्या पट्टीत रंगवलेली असतात. त्या पट्ट्यांना तिथले लोक 'छोट्या चादरी' म्हणतात.

अरुंद बोळांत फोनचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उड्या मारतो. फोन खिशात ठेवून कोपऱ्यांवरच्या पिवळ्या पाट्या बघा: रिआल्तोकडे, सान मार्कोकडे, स्टेशनकडे. कधी एकाच नावाचे बाण दोन्ही बाजूंना असतात. दोन्ही खरे असतात.

धोका वेगळाच आहे. काही गल्ल्या सरळ पाण्यात संपतात, कठडा नाही, साखळी नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. घाटावर वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. फोनमध्ये बघत चालणाऱ्याला सांगायला हवं. रात्री दिवे मंद असतात, तेव्हा तर नक्कीच.

होड्या

वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची एसटी. एकेरी तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटांसाठी. २४ तासांचा पास २५, ४८ चा ३५, ७२ चा ४५ युरो, हे २०२५ चे दर. वय सहा ते एकोणतीस असेल तर रोलिंग व्हेनिस हे सहा युरोचं कार्ड घ्या, ७२ तासांचा पास त्यावर बराच स्वस्त पडतो. बाकीच्यांनी हिशेब करावा. चार दिवस मुक्काम आणि खोली मधोमध असेल तर रोज पास लागत नाही. मी एकच २४ तासांचा पास घेतला, दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू केला, संध्याकाळी मुख्य कालव्यातून पुन्हा फिरले आणि तिसऱ्या सकाळी बेटांवर जाऊन आले.

पास विकत घेतल्यावर नव्हे, तर पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यावर चालू होतो. प्रत्येक वेळी चढण्याआधी टेकवायचा. विसरलात आणि तपासनीस आला तर पास खिशात असूनही दंड.

थांबा म्हणजे पाण्यावर तरंगणारी, पिवळ्या पट्ट्याची खोली. मोठ्या थांब्यांना अ, ब, क, ड असे तीन-चार धक्के असतात. नंबर बरोबर असला तरी दिशा उलटी असू शकते. मी दुसऱ्या दिवशी सान मार्कोऐवजी स्टेशनला पोचले, ते असंच. बोट धक्क्याला घासत येते, खलाशी दोरखंडाचा वेढा खुंटाला मारतो, दोर करकरतो, तो लोखंडी फाटक सरकवतो, उतरणारे आधी, मग आपण. पाठीवरची सॅक काढून हातात धरायची, ही तिथली रीत आहे. पाठीवर ठेवली तर कोणीतरी खांद्यावर टिचकी मारतंच.

पहिल्या संध्याकाळी काहीही न बघता १ नंबरची बोट पियात्साले रोमाला धरा आणि सान मार्कोपर्यंत जा. पाऊण तास लागतो. मुख्य कालवा ३.८ किलोमीटरचा, दोन्ही काठांना हवेल्या, आणि मध्ये रिआल्तोचा १५९१ साली पुरा झालेला दगडी पूल. पहिल्या थांब्यावरच चढलात तर बाहेरची जागा मिळते.

गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर होडीचा असतो, माणशी नाही. एकट्याला तो अंगावर येतो. त्याऐवजी त्रागेत्तो घ्या. कोकणात तरीने (नावेने) पलीकडे जातात तशी ही मुख्य कालव्यावरची तर. दोन युरो द्यायचे, गोंडोलासारख्याच होडीत बसायचं, नाही तर तिथल्या लोकांसारखं उभं राहायचं, आणि दोन मिनिटांत पलीकडे. सांता सोफियाहून रिआल्तोच्या बाजारात उतरणारी मी तीनदा केली. तिसऱ्यांदा उभी राहिले.

पाणी चढतं तेव्हा

ऑक्टोबर ते जानेवारीत अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला दक्षिणेकडचा वारा जोडीला आला की आक्वा आल्ता होतं, म्हणजे पाणी गल्ल्यांत शिरतं. उधाण-भांगाचं गणित माहीत असलेल्या कोकणातल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ वर. खाडीच्या तोंडाशी बसवलेले मोसे नावाचे दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा भरती अडवायला उचलले, तेव्हापासून मोठे पूर अडतात. पण दरवाजे साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हाच उचलतात. त्याखालच्या भरतीला सान मार्को चौक, जो सगळ्यात सखल आहे, तो भिजतोच.

घाबरायचं कारण नाही. पाणी दोन-तीन तासांत उतरतं. महापालिका भरतीचा अंदाज रोज जाहीर करते, सकाळी तो बघायची सवय ठेवा. गमबूट घरून नेऊ नका, बुटांवर चढवायचे प्लॅस्टिकचे मोजे तिथेच मिळतात. लाकडी फळ्यांच्या उंच वाटा मांडलेल्या असतील तर उजव्या बाजूने चाला आणि मध्येच फोटोला थांबू नका.

शाकाहारी असाल तर

गावाचं पोट माशांवर चालतं. मासे खाणाऱ्यांनी रिआल्तोच्या मासळीबाजारात सकाळी जावं, रविवार-सोमवार सोडून. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, पण फसगत होते. बिगोली इन साल्सा दिसतं साधं कांद्याचं, पण त्यात अँचोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे विरघळवलेले असतात. मोत्सारेल्ला इन कारोत्सा म्हणजे ब्रेडमध्ये चीज घालून तळलेलं. आपल्याला ब्रेडपकोडा वाटतो, पण आत बहुधा अँचोव्ही नाही तर हॅम. नापोली नावाच्या पिझ्झावरही अँचोव्ही. उलट 'पेपेरोनी' लिहिलेलं बघून पळू नका, तिथे पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची! चीजही नको असेल तर मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो.

'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको. हे दोन्ही म्हणा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर कोणी प्रेमाने ट्यूना पुढे करतो.

एकट्याने जेवायला बसायचा संकोच वाटत असेल तर बाकारो हा त्यावरचा इलाज. ही उभ्याने खायची छोटी दुकानं. काचेच्या कपाटात ब्रेडच्या तुकड्यांवर मांडलेले घास असतात, त्यांना चिक्केत्ती म्हणतात. बोट दाखवायचं, ताटलीत घ्यायचं, काउंटरला टेकून खायचं. गोर्गोन्झोला चीज-अक्रोड, भाजलेली वांगी, आर्टिचोकचे तळ, एवढ्यावर माझी तीन रात्रींची जेवणं झाली. शेजारचा आपणहून बोलतो, नाही बोलला तरी उभ्या माणसाला कोणी 'एकटंच का?' असं बघत नाही.

हॉटेलात बसलात की बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो लागतो, तो टेबलाचा आकार, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्या. तीच कॉफी सान मार्को चौकात वाद्यवृंदासमोर बसून घेतली तर किंमत कित्येक पट. दुपारी अडीच ते सात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

चार दिवस कसे लावले

पहिला दिवस पोचणं आणि १ नंबरची बोट, बस.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सान मार्को. चौकात कबुतरं, झाडूवाले आणि मी. नऊला डोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा, राजवाडा, पहिल्या वेळेचं तिकीट आधी काढून. मग बाझिलिका, म्हणजे सान मार्कोचं मोठं चर्च, तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. चौकातला उंच मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी अख्खा कोसळला होता, १९१२ मध्ये तसाच्या तसा परत उभा केला. वर लिफ्ट जाते, पण रांग मोठी असेल तर समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावरच्या मनोऱ्यावर जा. तिथून सान मार्कोही दिसतो.

तिसरा दिवस बेटांचा. फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून १२ नंबरची बोट. मी आधी लांबचं बुरानो गाठलं, पाऊण तास, गर्दी यायच्या आत. रंगीत घरं आणि विणलेली लेस. तिथून पाच मिनिटांवर तोर्चेल्लो. एके काळचं भरलेलं गाव, आता मोजकी माणसं राहतात, आणि सातव्या शतकात पाया घातलेल्या चर्चच्या एका अख्ख्या भिंतीवर ख्रिस्ती धर्मातल्या शेवटच्या निवाड्याचं मोझेक. येताना मुरानो. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या तिकडे हलवल्या होत्या.

चौथा दिवस मोकळा. कान्नारेजोतला १५१६ चा घेत्तो (ज्यूंना नेमून दिलेली वस्ती), 'घेटो' हा शब्द इथूनच जगभर गेला. फ्रारी चर्चमधलं चित्रकार तित्सियानोचं (टिशियनचं) १५१८ चं भव्य चित्र. मग दोर्सोदुरोच्या दक्षिण काठावर उन्हात बसणं. सकाळी साडेसहाला खिडकी उघडली तर खालून वॉशिंग मशीन घेऊन एक होडी चालली होती, तिच्यामागे कचऱ्याची, तिच्यामागे भाजीची. पाऊण तास मी तिथेच बसून होते.

काही बिनसलं तर

आणीबाणीचा नंबर ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग मिलानमधला भारताचा वाणिज्य दूतावास. राजदूतावास रोमला आहे. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो ईमेलमध्ये आणि घरच्या एका माणसाकडे ठेवा. खिसेकापू रिआल्तो पुलावर आणि गच्च भरलेल्या १ नंबरच्या बोटीत असतात. बॅग पुढे, चेन बंद. स्टेशनवर न विचारता बॅगेला हात घालणाऱ्याला ठामपणे 'नो' म्हणा. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखा, आणि रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट न्या. 'शोपेरो' हा शब्द पाटीवर दिसला तर संप आहे, त्या दिवशी होडी-गाडीच्या भरवशावर विमान पकडायला निघू नका.

पुलाच्या पायऱ्यांवर बसून खाणं, कालव्यात पाय सोडणं, कबुतरांना दाणे टाकणं, तिन्हींना दंड आहे.

परतताना

मुरानोची काच घ्यायची असेल तर दुकानात 'वेत्रो आर्तीस्तिको मुरानो' ही खूण बघून घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. बोर्डिंग पास आणि वापरलेला व्हिसा जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठीच्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, बहुप्रवेशाचा मिळू शकतो.

शेवटच्या सकाळी मी बॅगेचं वजन केलं नाही, पण बूट पायात, स्वेटर अंगात आणि आईसाठी घेतलेला निळा पेला मोज्यात गुंडाळून सॅकमध्ये घातला. मग बॅग उचलून थेट जवळच्या धक्क्यावर गेले आणि लाँच पकडली. वाटेत एकच पूल लागला.